नोंदीतले गोंड, नोंदीतले गोवारी

१८६६ साली नागपुरात एक इंग्रजी पुस्तक निघाले. मध्य प्रांतातल्या आदिवासी जमातींविषयीचे हे कागद रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे. ते तीन वर्षांपूर्वीच वारले होते आणि लेखन अर्धवट राहिले होते. प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ते जुळवले आणि टिपा व प्रस्तावना जोडून छापले. पुस्तकात रोमन लिपीत गोंडी ओळी आहेत आणि शब्दाला शब्द लावलेला इंग्रजी अर्थ आहे. त्यातले सर्वांत मोलाचे गाणे लिंगोचे. गोंड कसे जन्मले, कसे कोंडले गेले, कसे सुटले, त्यांची कुळे कशी पडली, हे सगळे त्या एका गाण्यात येते. हिस्लॉपना ते नागपुरात एका परधानाने सांगितले. लेखकाचे नाव पुस्तकावर आहे, संपादकाचे आहे. परधानाचे नाव नाही.

परधान म्हणजे गोंडांचे भाट. हाती किंगरी, तोंडी कुळांच्या वंशावळी आणि देवांच्या कथा. ठरावीक काळाने यजमान गोंडाच्या दारी जायचे, गायचे आणि धान्य, कापड, जनावर असे दान घेऊन परतायचे, हा त्यांचा हक्क होता. गोंडांजवळ लिहिलेली पोथी नव्हती, पोथीचे काम परधान करत. शेकडो ओळी मुखोद्गत असलेल्या अशा एका माणसाने आपले धन एका परक्या पाद्र्याच्या कागदावर उतरू दिले. गाणे ठेक्यात गाणाऱ्याला लिहिणाऱ्यासाठी शब्दाशब्दाला थांबावे लागले असणार.

कथा थोडक्यात अशी. गोंड फार झाले, रानोमाळ पसरले. ते आंघोळ करत नसत आणि त्यांच्या अंगाचा वास महादेवाला सोसवेना. त्याने एक खार करून सोडली. गोंड तिच्यामागे धावत गुहेत शिरले आणि महादेवाने तोंडावर शिळा लोटली. चौघे तेवढे बाहेर राहिले, ते काचीकोपा लोहागडाकडे पळाले. पार्वतीला मात्र गोंडांवाचून चैन पडेना. फुलातून जन्मलेला लिंगो त्या चौघांना भेटला. त्याने त्यांना रान तोडून शेती करायला शिकवले. पुढे त्याच चौघांनी बायकांच्या चहाडीवर विश्वासून त्याचा जीव घेतला. तो पुन्हा उठला, कोंडलेल्यांना सोडवले, त्यांची कुळे पाडली, देव बसवले आणि दिसेनासा झाला.

या गाण्यावर हिंदू पुराणांचा थर चढला आहे, मूळ गोंडी कथा वेगळी असणार, असे नंतरच्या अभ्यासकांनी वारंवार म्हटले. मला हा आक्षेप अपुरा वाटतो. पचमढीच्या महादेवाची यात्रा गोंडही करत आणि नागपूर-वऱ्हाडचा कुणबीही करत. भोसल्यांच्या मुलखात फिरणाऱ्या परधानाच्या गाण्यात महादेव येणारच. आणि तो येतो तेही गोंडांना कोंडणारा म्हणून. त्या परधानाने शेजारच्या देवाला आपल्या कथेत जी जागा दिली, ती फार विचाराने दिली होती.

हिस्लॉप मूळचे स्कॉटलंडमधल्या डन्स गावचे, जन्म १८१७ चा. फ्री चर्चच्या मिशनसाठी ते १८४५ मध्ये नागपूरला आले तेव्हा गादीवर तिसरे रघुजी होते आणि इंग्रजी पलटण कामठीला होती. त्यांनी शाळा काढली. आजचे हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, त्यांच्या मृत्यूनंतरचे. ते धर्मांतर घडवायला आले होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. पण हिवाळ्यात प्रचाराच्या फेरीवर निघाले की नजर सगळीकडे असे. दगडातले जीवाश्म पाहावेत, माती पाहावी, आठवडी बाजारात गोंडी शब्द विचारावेत. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरच्या भूगर्भावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. ‘हिस्लोपाइट’ हे खनिजाचे नाव त्यांच्यावरूनच पडले.

गोंडांच्या साडेबारा जाती म्हणतात, हे त्यांनी गोंडांकडूनच ऐकून लिहिले. राजगोंड, रघुवाल, दडवे, कतुल्या, पाडाल, ढोली, ओझ्याल अशी ती यादी. पाडाल म्हणजेच परधान. साडेबारातला अर्धा म्हणून धरलेला वर्गही पाडालांचाच एक खालचा भाग. यादी पूर्णांकात बसवायचा मोह त्यांना झाला नाही. सांगणाऱ्याने अर्धा सांगितला, त्यांनी अर्धा लिहिला. त्या काळी मानववंशशास्त्र हा विषय विद्यापीठात नव्हता. टायलर यांचे ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ १८७१ चे. ज्यांच्या नावाने क्षेत्रकार्याची रीत ओळखली जाते, ते मालिनोव्स्की १८८४ मध्ये जन्मले. त्यांच्या कितीतरी आधी सीताबर्डी-कामठीच्या आसपास एक माणूस भाषा शिकून, सांगणाऱ्याचे शब्द त्याच्याच भाषेत उतरवून घेत होता.

१८६३ च्या सप्टेंबरात हिस्लॉप आणि टेंपल टाकळघाटला शिळावर्तुळे पाहायला गेले. टेंपल पुढे निघाले. हिस्लॉप गावची शाळा तपासण्यासाठी मागे राहिले आणि संध्याकाळी घोड्यावरून एकटेच बोरीच्या वाटेला लागले. पावसाने ओढा चढला होता. घोडा मुक्कामावर रिकामा आला. ४ सप्टेंबरला गेलेल्या हिस्लॉपच्या घरी जे कागद राहिले, त्यांचे ते पुस्तक. टाकळघाटला शंभरेक वर्षांनी, १९६८-६९ मध्ये, नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी रीतसर उत्खनन केले.

टेंपल मोठे धडाडीचे. १८६३ मध्येच नागपूरचे संग्रहालय, आपला अजब बंगला, उभे राहिले. १८६५ च्या डिसेंबरात नागपुरात मोठे प्रदर्शन भरले. त्याच सुमारास कलकत्त्यात डॉ. जोसेफ फेरर यांनी एशियाटिक सोसायटीपुढे एक योजना मांडली. निरनिराळ्या वंशांची जिवंत माणसे प्रदर्शनात आणून कोठड्यांत बसवायची, त्यांची चित्रे काढायची, मापे घ्यायची. कलकत्त्यात ती पार पडली नाही. मध्य प्रांतात मात्र १८६६-६७ च्या जबलपूर प्रदर्शनाला जिल्ह्याजिल्ह्यांतून आदिवासी आणले गेले आणि आल्फ्रेड लायल यांच्या समितीने त्यांना तपासले. समितीचा अहवाल १८६८ मध्ये नागपुरात छापला गेला. त्याच्या शीर्षकातच या माणसांना ‘नमुने’ म्हटले आहे. परधानाचे नाव गाळणे वेगळे आणि हे वेगळे. हिस्लॉपनी निदान गाणे ऐकले होते. जबलपुरात माणूस घरापासून, रानापासून, देवापासून तोडून मंडपात आणला आणि मग त्याच्या संस्कृतीविषयी प्रश्न विचारले.

लिंगोचे गाणेही दूर गेले. कॅप्टन फोर्साइथ यांनी १८७१ च्या आपल्या पुस्तकात ते लाँगफेलोच्या ‘हायावाथा’ या अमेरिकी काव्याच्या चालीत रचून घातले.

पुढचा मोठा टप्पा १९०१ चा. जनगणनेबरोबरच भारत सरकारने सगळ्या देशाची वांशिक पाहणी मंजूर केली. हर्बर्ट रिस्ले तिचे प्रमुख. प्रत्येक प्रांताला एक अधिकारी नेमला गेला. मध्य प्रांतात हे काम रॉबर्ट व्हेन रसेल यांच्याकडे आले. १९०१ च्या जनगणनेचे प्रांतिक काम आणि नंतरची जिल्हा गॅझेटिअर्स हीही त्यांचीच. मदतीला होते कटनी-मुडवाऱ्याचे हिरालाल, जन्म १८६७, एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर, पुढे रायबहादूर. या दोघांचा चार खंडांचा ‘ट्राइब्स अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ १९१६ मध्ये लंडनला मॅकमिलनने काढला. छापलेला ग्रंथ पाहणे रसेल यांच्या नशिबी नव्हते. ३० डिसेंबर १९१५ रोजी हिंदुस्थानकडे येणारी ‘पर्शिया’ ही बोट क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली, त्या बोटीवर ते होते.

हिरालाल यांच्याविषयी मराठीत फार कमी लिहिले गेले, याची मला खंत वाटते. त्याच १९१६ मध्ये त्यांची मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या शिलालेखांची सूची नागपुरात छापली गेली. १९२६ मध्ये हस्तलिखितांची सूची आली आणि तिच्यामुळे कारंज्याच्या जैन भांडारातले अपभ्रंश ग्रंथ विद्वानांना ठाऊक झाले. हिंदीत त्यांनी ‘दमोह दीपक’, ‘सागर सरोज’, ‘मंडला मयूख’ अशी जिल्ह्यांची वर्णने लिहिली. रसेल यांच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांचे नाव साहाय्यक म्हणून येते. ग्रंथ वाचताना मात्र कितीतरी ठिकाणी या मुलखात जन्मलेल्या माणसाचे ज्ञान जाणवते.

हा ग्रंथ कसा झाला, ते लेखांच्या तळटिपांत दिसते. अमुक जातीवरचा लेख अमुक अमुक यांच्या टिपणांवरून तयार केला, असे बारीक टाइपात दिलेले असते. गॅझेटिअर कचेरीतले मुन्शी कन्हैयालाल आणि प्यारेलाल मिश्र यांची नावे पुन्हा पुन्हा येतात. बाकीचे नायब तहसीलदार, शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर, मास्तर, निवृत्त पोलीस अधिकारी. म्हणजे प्रश्न नागपूरहून जायचे, तहसिलीत पोचायचे, गावातल्या लिहित्या माणसाकडे यायचे, आणि तो कुणाला तरी बोलावून विचारायचा. हिस्लॉपच्या काळी विचारणारा आणि सांगणारा समोरासमोर होते. आता मधे कचेरी आली. बसोरांविषयी, मांगांविषयी, पारध्यांविषयी लिहिणारा बहुतेक वेळा वरच्या जातीचा आणि सरकारी पगाराचा होता. त्याचा विटाळ, त्याचा संशय, पोलिसांच्या नोंदीतली भाषा, हे सगळे टिपणासोबत नागपूरला येत होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होतेच. तेच शब्द आता संशोधन म्हणून छापले गेले. कायदा १९५२ मध्ये गेला, खंड ग्रंथालयांत राहिले. तरीही ग्रंथ टाकाऊ नाही. कुळे, देवके, लग्नाच्या रीती, पोटजातींची नावे यांचा इतका मोठा साठा या मुलखाविषयी दुसरीकडे मिळत नाही.

त्याच १९१६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. त्यात त्यांनी रिस्ले, नेसफील्ड, सेनार यांच्याबरोबर रायपूरला जन्मलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांचीही व्याख्या तपासली. जात हे जातीबाहेर लग्न न करण्याचे यंत्र आहे आणि ते बाईच्या जिवावर चालते, ही त्यांची मांडणी रिस्ले यांच्या नाकाच्या मापांना आणि चालीरीतींच्या याद्यांना ओलांडून गेली. इकडे नागपुरात किसन फागूजी बनसोडे १९०७ पासून मुलींची शाळा आणि १९१० पासून छापखाना चालवत होते. ज्यांच्याविषयी लिहिले जात होते ते स्वतः लिहू लागले होते. त्याच ओघात पुढे वसंत मून यांचे ‘वस्ती’ आले. नागपूरच्या महार वस्तीतले खेळ, भांडणे, भजने, समता सैनिक दल हे सगळे त्यात आतून लिहिलेले आहे.

मधल्या काळातली नावे भराभर घेतो. दुर्गा भागवत गोंडांच्या मुलखात फिरल्या, सातपुड्याची लोकगीते जमवली, रानातच विषबाधा झाली आणि पुढची कित्येक वर्षे अंथरुणात गेली. व्हेरिअर एल्विन यांचे जिवाभावाचे सोबती शामराव हिवाळे यांनी १९४६ मध्ये परधानांवरच अख्खे पुस्तक लिहिले. किंगरीवाल्यांचे यजमान, त्यांचे दान, त्यांची गाणी, त्यांचा विनोदी स्वभाव हे सगळे त्यात आहे. ग्रिगसन यांचा आदिवासींच्या स्थितीवरचा अहवाल १९४४ मध्ये नागपूरच्या सरकारी छापखान्यात छापला गेला. श्यामाचरण दुबे हिस्लॉप कॉलेजात शिकवत होते. कमार जमातीवरचा त्यांचा प्रबंध नागपूर विद्यापीठाचा, आणि पुढे १९५५ मध्ये ‘इंडियन व्हिलेज’ने त्यांचे नाव जगभर झाले.

गोंडांनी लिंगो परत आपल्या हाती घेतला तो १९८० च्या दशकात. रामटेक तालुक्यात जन्मलेले मोतीरावण कंगाली नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करत आणि उरलेला वेळ गोंडी भाषा, देव आणि गाणी यांच्या मागे घालवत. ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ हे त्यांचे हिंदी पुस्तक आज कितीतरी गोंड घरांत आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात दरेकशाजवळ कचारगडची मोठी गुहा आहे. गाण्यातले काचीकोपा लोहागड ते हेच, असे कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी मांडले आणि माघ पौर्णिमेला तिथे जत्रा भरू लागली. हल्ली हजारो गोंड येतात. इथे सांगितल्या जाणाऱ्या कथेत कोंडलेली मुले तेहतीस आहेत, त्यांची आई कली कंकाली आहे, आणि शिळा हलते ती हिरासुका पाटालीर या वादकाच्या किंगरीच्या बळावर. शिळेखाली सापडून तोच मरतो. सिंधू लिपी गोंडीने वाचता येते हे कंगालींचे म्हणणे मला पटत नाही. लिंगोविषयी मात्र त्यांनी जे केले ते करायला गावोगाव हिंडणारा, भाषा आपली असणारा माणूसच हवा होता. २०१५ मध्ये ते गेले.

या सगळ्या लेखनाचे नागपुरात काय होते, ते गोवारींच्या बाबतीत दिसले. गोवारी म्हणजे गावची गुरे राखणारे लोक. दिवाळीत ढाल नाचवून गायगोधन करतात ते. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत अठराव्या नोंदीत गोंडांच्या पोटजमातींत ‘गोंड गोवारी’ असे नाव आहे. आम्हीच ते, असे गोवारींचे म्हणणे. रसेल-हिरालाल यांनी गोवारींचे जे पोटविभाग दिले आहेत त्यांत गोंड गोवारी हा एक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा आला. सीताबर्डीत चेंगराचेंगरी झाली, ११४ जीव गेले. त्यांत बाया आणि मुले मोठ्या संख्येने होती. झिरो माइलजवळचे स्मारक त्यांचेच.

१४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. गोंड गोवारी ही वेगळी जमात १९११ च्या आधीच नाहीशी झाली होती, म्हणून यादीतले नाव गोवारींचेच असणार, असा त्याचा गाभा होता. आधार म्हणून जे ग्रंथ उघडले गेले त्यांत रसेल-हिरालाल होते. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. यादीतली नोंद न्यायालयाने बदलायची नाही, असे ठरले. मधल्या दोन वर्षे चार महिन्यांत ज्यांना प्रवेश आणि नोकऱ्या मिळाल्या होत्या त्यांचे ते टिकले, पुढचा लाभ बंद झाला. हलबा-कोष्टींचा अनुसूचित जमातीचा दावाही असाच २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला होता. मुन्शी किंवा मास्तराने शंभर वर्षांपूर्वी पाठवलेल्या टिपणाचे आज एवढे वजन असावे, हे मला भीतिदायक वाटते. त्या बिचाऱ्यांनी हे कधी मनातही आणले नसेल.

जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना समितीचे दक्षता पथक अजूनही घरी येते, सोबत संशोधन अधिकारी असतो. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात ती पद्धत घालून दिली. कुलदेव कोणता, लग्नात काय करता, मयताला पुरता की जाळता, बोली कोणती, गोत्रे कोणती, असे प्रश्न विचारतात. याला अ‍ॅफिनिटी टेस्ट म्हणतात. नागपूरच्या झोपडपट्टीत तिसऱ्या पिढीत वाढलेल्या मुलीला आजोबांच्या गावचा देव नीट सांगता आला नाही, तर तो शेरा तिच्या फायलीत जातो. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितले की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. स्थलांतर, शिक्षण, इतरांशी संपर्क यांनी जुन्या खुणा पुसल्या जातात, आणि १९५० पूर्वीच्या कागदांना अधिक वजन द्यावे. तेव्हापासून वकिलांकडे येणारी कुटुंबे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर शोधत आहेत. पणजोबांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात त्या वेळच्या गुरुजींनी नुसते ‘गोवारी’ लिहिले की ‘गोंड गोवारी’, यावर त्यांचे पुढचे सगळे अवलंबून आहे.